सात नंबरची सोबत

पोकळेमामांनी माझा जीव वाचवला तो परवानगी मागून. माझी परवानगी नव्हे. ज्यानं माझा गळा धरला होता, त्याची.

नोकरीचा तिसरा दिवस होता. शहराबाहेरच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात मी नवाकोरा डॉक्टर म्हणून रुजू झालो होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण या हकिगतीत नाव जायचं ते माझंच. मानसोपचाराची पदवी ताजी होती आणि गळ्यात टाय होता. टाय बांधून निघालो तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या होत्या, "वेड्यांत राहणार म्हणतोस, तर डॉक्टर कोण हे ओळखू यायला काहीतरी हवंच."

पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाला लांब व्हरांडा होता आणि त्याला लागून आठ एकेकट्या खोल्या. खवळलेल्या रुग्णाला दोन-चार दिवस तिथे ठेवत. तीन नंबरात एक पैलवानी अंगाचा गडी होता, सकाळपासून भिंतीवर थापा मारत होता. मी पुस्तकात वाचलं होतं की आत्मविश्वासानं सामोरं जावं. गेलो. आत शिरलो, दार मागं लोटलं आणि त्याच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभा राहून म्हणालो, "घाबरू नका." तो घाबरलेला होताच, माझ्या आवाजानं आणखी घाबरला, आणि त्यानं हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला तो टाय.

मी निळा व्हायला लागलो होतो. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि उंबऱ्याबाहेरून एक शांत, किंचित घोगरा आवाज आला, "येऊ का आत?"

माझ्या मनात आलं, अरे बाबा, ये की! पण प्रश्न मला नव्हता. उंबऱ्यावर खाकी कपड्यातला एक काटकुळा माणूस तिरका उभा होता, दोन्ही हात मोकळे, तळवे दिसतील असे. तो पैलवानाकडे, खरं तर पैलवानाच्या खांद्याकडे बघत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. मी मरत होतो आणि हा माणूस वाट पाहत होता.

पैलवानाला आयुष्यात इतकं अदबीनं कुणी विचारलं नसावं. तो गोंधळून म्हणाला, "या."

"डाक्टरांना सोडता का जरा? त्यांचं अजून लगीन व्हायचंय."

पैलवानानं मला सोडलं. बाहेर आल्यावर मी खोकत खोकत आभार मानायला लागलो, तर मामांनी माझा टाय दोन बोटांत उचलून पाहिला आणि म्हणाले, "गळ्यात दावं बांधून गोठ्यात शिरू नये, डाक्टर. बैलाला वाटतं, वढायलाच दिलंय."

तो टाय मी पुन्हा कधी बांधला नाही. लग्नातही नाही.

मुरलीधर पोकळे हे त्यांचं नाव; पण रुग्णालयात पुरुष अटेंडंट म्हटला की तो मामाच. ते धायरीचे. धायरी तेव्हा गाव होतं. सिंहगड रस्ता सोडून आत गेलं की ज्वारी आणि कांदा. मामा पहाटे भावाबरोबर शेतात हात फिरवून मग सायकल मारत शहर ओलांडून कामावर येत. देह असा, की मोठा वारा सुटला तर सायकलसकट उलटे धायरीला पोचतील. खवळलेल्या माणसांच्या वॉर्डाचा प्रमुख अटेंडंट म्हणजे मी तालमीतला कुणी गडी डोळ्यांपुढे आणला होता. वॉर्डात तसे चार गडी होतेही. कामाच्या वेळी ते मामांच्या मागं उभे राहत, तेही भिंतीआड.

"पाच मान्सं अंगावर आलेली दिसली," मामा म्हणत, "की शाना मानूसबी येडा हुतो. मग आधीच ज्याचं डोकं फिरलंय त्यानं काय करावं?"

वेळ आली तर मामा पाचजण बोलावत, नाही असं नाही. एकेका हातापायाला एकेक आणि डोकं सांभाळायला स्वतः मामा. पण तेही त्या माणसाला सांगून. "आता आमी धरनार हाय. दुखवनार न्हाई. सुई टोचली की सोडनार." आणि खरंच सोडत. माझ्यासारखा कुणी "अजून थोडा वेळ राहू द्या," म्हणाला, तर मामा ऐकू न आल्यासारखं करत. इंजेक्शनाला त्यांचा विरोध नव्हता. "द्या की! पर त्याला सांगून द्या, आणि प्यायला पानी आधी हवं का मागनं, येवढं तरी त्याला ठरवू द्या. समदंच आपुन ठरवलं, तर त्याच्याकडं हात उचलन्याशिवाय काय ऱ्हातं?"

दारापाशी कसं उभं राहायचं हे त्यांनी मला खडूनं फरशीवर रेघ मारून शिकवलं. दार आपल्या पाठीशी नको, म्हणजे त्याला कोंडल्यासारखं होतं. त्याच्या पाठीशीही नको, म्हणजे आपण कोंडले जातो. दार दोघांच्या बाजूला हवं. अंतर दोन हातांचं. आवाज त्याच्यापेक्षा खाली. मी ती रेघ वहीत काढून घेतली. पदवीच्या अभ्यासात ही आकृती नव्हती.

हे सगळं समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखं वेगळं होतं.

मामांना आधी कळायचं. भर दुपारी तीन वाजता, जेवणं होऊन वॉर्ड पेंगत असताना, मामा एकाएकी उठत आणि खिडकीतली पाण्याची तांब्या-भांडी उचलून आत ठेवायला लागत. मी विचारलं तर म्हणत, "आज कुनी खोकंना." मी कान दिला. चाळीस माणसांच्या वॉर्डात खरंच कुणी खोकत नव्हतं. घशाशी आलेलं सगळ्यांनी एकदम धरून ठेवलं होतं जणू. उन्हाचा पट्टा फरशीवर निश्चल, माशीसुद्धा बसलेली. आणि मग पाच-सात मिनिटांनी कुठल्यातरी खाटेवरून पहिली किंकाळी यायची. मी पुढं दिवसांचा हिशेब ठेवायचा प्रयत्न केला, मामा कितीदा चुकतात ते पाहायला. आठ दिवसांनी वही बंद केली. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

दुसरी गोष्ट "येऊ का आत?" ही. मामा प्रत्येक खोलीच्या दाराशी ते विचारत, हे ठीकच होतं. पण सात नंबर बहुतेक वेळ रिकामा असायचा, आणि झाडायला जाताना मामा त्या रिकाम्या खोलीलाही विचारत. नुसतं विचारत नसत; थांबत. मग मान हलवून आत जात.

एकदा मी मागंच होतो. "येऊ का आत?" मामा थांबले. केरसुणी तशीच हातात घेऊन वळले.

"काय झालं?"

"आता नगं. घटकाभरानं झाडतो."

मी हसलो. माझ्या बरोबरीच्या एका डॉक्टरला हा किस्सा चहावर रंगवून सांगितला, मामांचा आवाज काढून. तोही हसला. नंतर व्हरांड्यातून परत येताना सात नंबरवरून जायच्याऐवजी मी अंगणातून वळसा घेतला. ऊन होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. अंगणात ऊन जास्त होतं.

अशात आठल्येमास्तर आले.

एका शाळेत भूगोल शिकवायचे; पन्नाशीच्या आतबाहेर, सडसडीत, धोतर-कोट. तीन आठवडे झोपले नव्हते. शाळेच्या गच्चीवर उभं राहून रस्त्यावरच्या लोकांना जगातल्या सगळ्या नद्या ओरडून शिकवत होते, म्हणून शाळेच्याच लोकांनी आणलं. तपासणीच्या खोलीत त्यांनी माझं टेबल उलटं केलं आणि म्हणाले, "हा दक्षिण गोलार्ध." मी मामांनी शिकवल्याप्रमाणे वागलो, सांगून इंजेक्शन दिलं, आणि ते झोपले. दोन दिवसांत नद्या थांबल्या. मी स्वतःवर इतका खूश झालो की इंजेक्शनं दिवसातून दोनदा चालू ठेवली.

तो शुक्रवार होता. सोमवारी सकाळी मास्तर चालायला लागले.

खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. बसवलं की बसत आणि लगेच उठत. उभे राहिले तरी पाय जागच्या जागी चालत, एक वर, एक खाली. न्याहारी त्यांनी चालत केली. दुपारी मी वॉर्डात गेलो तेव्हा एक दृश्य पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे येतं. आजूबाजूच्या आठ-दहा खाटांवरचे रुग्ण आपापल्या जागी उभे होते आणि मास्तरांच्या पायांच्या तालावर डुलत होते. कुणी बोलत नव्हतं. एक वर, एक खाली.

"डॉक्टर," मास्तर चालता चालता म्हणाले, "मला बसता येत नाही."

"का बरं?"

"ते आपण सांगायचं. शिकलेले आपण आहात."

चीड दिसते आहे, उपरोध वाढतो आहे, असं मी ठरवलं. खरं तर नारायण पेठेत जन्म घेऊन मला उपरोध हा आजार वाटावा, हेच माझ्या निदानाचं मोजमाप. मी इंजेक्शन वाढवलं आणि वॉर्ड शांत राहावा म्हणून मास्तरांना सात नंबरात ठेवायला सांगितलं.

मामा काही वेळ जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "डाक्टर, राग डोळ्यात असतोय. ह्यांचा डोळा बगा. डोळा रडतोय. ह्यांचे फकस्त पाय खवळल्यात."

"मामा, पाय वेगळे खवळत नाहीत. मी शिकलोय."

"व्हय," मामा म्हणाले. "शिकलायसा तर."

सात नंबरची खोली पाच पावलांची. जाड दार, त्याला डोळ्याइतका झरोका. सोमवार, मंगळवार, बुधवार आतून एकच आवाज यायचा. पाच पावलं, वळण. पाच पावलं, वळण. व्हरांड्याच्या या टोकाला माझ्या टेबलापर्यंत तो पोचायचा. नंतर नंतर तो नसला तरी मला ऐकू यायचा. घरी जेवताना मी घास त्या तालावर चावतोय असं आईच्या लक्षात आलं. "कवायत आहे का?" तिनं विचारलं.

मंगळवारी दुपारी तर मामा स्वतःच व्हरांड्यात अनवाणी येरझाऱ्या घालताना मला लांबून दिसले. मी ओरडलो, "मामा, शतपावली रात्री जेवल्यावर घालतात, ड्यूटीवर नाही!" मामा थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोलीत वळल्यावर पुन्हा चालायला लागले असावेत.

रोजच्या फेरीत मी झरोक्यातून मास्तरांशी बोलत असे. त्यांचा चेहरा एका क्षणी समोर यायचा आणि जायचा. मंगळवारी संध्याकाळी त्यांनीच विषय काढला.

"डॉक्टर, एक विचारू? या खोलीत दुसरं कोणी आहे का?"

"नाही. का?"

"मी एकटा चालत नाही आहे. माझ्याबरोबर कोणीतरी चालतं. मी वळलो की वळतं. आणि मी थांबलो," ते प्रयत्नपूर्वक एक क्षण थांबले, पोटऱ्या थरथरत होत्या, "की एक पाऊल जास्त पडतं."

मी झरोक्यातून खोलीचे कोपरे पुन्हा एकदा पाहिले. पण मी डॉक्टर होतो. केसपेपरवर लिहिलं: रुग्णाला नसलेली पावलं ऐकू येतात, भ्रम, आजार वाढला आहे. आणि इंजेक्शन आणखी वाढवलं. हे मी लिहिलं इंग्रजीत. दहा हातांवर मामा उभे होते. त्यांना एका शब्दानं विचारलं असतं, तर ही हकिगत इथेच संपली असती.

गुरुवारी दुपारी पावलं थांबली.

मी टेबलाशी होतो. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. लागू पडलं म्हटलं शेवटी इंजेक्शन. मग माझ्या लक्षात आलं की वॉर्डात कुणी खोकत नाही. मी मान वर केली. व्हरांड्यात सात नंबरासमोर मामा एक हात वर करून उभे होते. मला थांबवत होते की बोलावत होते, कळेना. मी गेलो. झरोक्याला डोळा लावला.

मास्तरांनी गादी खिडकीखाली ओढली होती आणि ते तिच्यावर उभे होते, म्हणून आवाज येत नव्हता. पाय चालूच होते, मऊ कापसात, निःशब्द. एक वर, एक खाली. खिडकीची काच फुटली होती. तिचा तुकडा मास्तरांच्या हातात होता आणि तुकड्याचं टोक त्यांच्या स्वतःच्या गळ्याशी.

मी खिशातली शिट्टी काढली. शिट्टी वाजली की चार गडी पट्टे घेऊन धावत येत. मामांनी शिट्टीवर तळवा ठेवला.

"चार जन धावल्यावर ते काय करतील?" ते कुजबुजले. "हात त्यांचा हाय, काच त्यांची हाय. आपुन पोचू का आधी?"

पोचणार नव्हतो. पाच पावलांची खोली होती.

मामांनी कडी काढली. दार बोटभर उघडलं. "मास्तर, येऊ का आत?"

आतून काही नाही. मामा थांबले. मला वाटलं, आता पुरे, ढकला दार. मामा थांबले.

"तुम्ही या," मास्तर म्हणाले.

मामा गेले आणि दाराच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसले. उकिडवे नाही, मांडी घालून. उठायला वेळ लागेल असे. मला खूण केली. मी उंबऱ्यावर बसलो.

"पाय लई छळत्यात का, मास्तर?"

"पोकळे, हे पाय माझे नाहीत. चार दिवस मी यांच्या मागं मागं फिरतो आहे. कापून टाकले असते, पण काच लहान आहे. म्हणून म्हटलं, वरूनच बंद करावं."

"पाय औषधानं असं झाल्यात."

"औषध डॉक्टरांनी दिलं."

"व्हय. मग ते डाक्टरच सांगतील." आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात पुस्तकाचं एक पान उघडलं. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि परीक्षेबरोबर विसरलो होतो. काही जणांना हेच औषध असं बाधतं: अंगात, विशेषतः पायांत, न सोसणारी तळमळ सुरू होते, माणूस क्षणभर बसू शकत नाही, आणि ती तळमळ इतकी असह्य होते की जीव नकोसा होतो. अडाणी डॉक्टर तिला वेडाचा झटका समजून तेच औषध वाढवतो. पानाच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'महत्त्वाचं'.

"मास्तर," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"चूक माझी आहे!" मी ओरडलो. माझा आवाज व्हरांडाभर गेला. "तुमचे पाय तुम्ही बिघडवले नाहीत. आजारानं बिघडले नाहीत. माझ्या इंजेक्शननं बिघडले. मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मास्तर बघत राहिले. एक वर, एक खाली.

"उतारा आहे?"

"आहे."

"काय आहे?"

"इंजेक्शन," मी खालच्या मानेनं म्हणालो.

"आपलं शास्त्र मोठं गमतीचं आहे," मास्तर म्हणाले. आणि त्यांचा काच धरलेला हात बोटभर खाली आला.

मामांनी हात पुढं केला नाही. खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या मधोमध फरशीवर पसरला. "हितं ठिवा, मास्तर. माज्या हातात नगं." मास्तर गादीवरून उतरले, वाकले आणि काच पंच्यावर ठेवली, वर्गात खडू ठेवावा तशी हलकेच. मामांनी पंच्याची चारी टोकं गोळा केली.

जुनं औषध मी बंद केलं, उतारा दिला. तिघेही तिथंच बसून होतो; म्हणजे आम्ही दोघे बसून, मास्तर चालत. पाऊण तासानं पावलांमधलं अंतर वाढलं. मग मास्तर भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली घसरले, आणि पाय लांब करून त्यांच्याकडे बघत राहिले.

"बसलो," ते म्हणाले.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकलं.

महिन्याभरात मास्तर पुष्कळ सुधारले. दुसरं औषध, कमी मात्रा, झोप. अंगणात काठीनं मातीवर कृष्णेचा उगम काढून ते चार रुग्णांना शिकवायला लागले, न ओरडता. तेव्हा शाळेचं पत्र आलं. आठल्ये यांना परत घ्यायचं की नाही ते रुग्णालयाच्या अहवालावरून ठरणार होतं. झोप उडाली, डोकं तापलं, इथवर शाळा समजून घेईल. पण त्यांना नसलेलं काही दिसतं अथवा ऐकू येतं काय? तसं असल्यास मुलांचा वर्ग त्यांच्या हाती देता येणार नाही.

मी केसपेपर पुढं ओढला. माझ्याच अक्षरात तिथे होतं: नसलेली पावलं ऐकू येतात. मास्तरांची शाळा एका ओळीत संपणार होती.

मामा समोर उभे होते. "काय लिवलंय त्यात?"

मी मराठीत सांगितलं. मामांचा चेहरा बदलला.

"आवो, ती माझी पावलं."

"काय?"

"व्हरांड्यात, भिंतीच्या भाईरनं. त्यांच्या चालीनं चालत हुतो. दुसऱ्याच्या चालीनं चाललं की कळतं मानूस कुटं चाललाय. हे कुटंच चाललं न्हवतं. तवाच म्हनलं, हे पायाचं हाय. आन् येकट्यानं किती चालावं मानसानं? भिंतीपल्याड कुनी हाय म्हनल्यावर जरा..." ते थांबले. "आत थांबल्यालं भाईरनं दिसत न्हाई. म्हून एक पाऊल जादा पडायचं."

शतपावली म्हणून मी ज्यावर ओरडलो होतो ते हे. मी पेन खाली ठेवला.

"मामा, तुम्हाला हे कसं सुचलं?"

मामा खिडकीशी गेले. मग जे बोलले ते बाहेर बघून.

"मी नवा हुतो तवाची गोष्ट. सातातच. वाघोलीकडचा गडी, असाच चालायचा. तवाच्या डाक्टरनी बांधा म्हनलं. पाच जनांनी धरला. गाठ म्या मारली. खाटंला बांधल्यावरबी पाय चालतच हुतं. सांजच्याला थांबलं. आमी म्हनलं, निजला." मामांनी तळवे खाकी शर्टाला पुसले. "निजला न्हवता. गाठ लई पक्की बसायची माझी, डाक्टर. तवापासनं इचारून आत जातो. त्याला कुनी इचारलं न्हवतं."

मी केसपेपरवर लिहायला घेतलं. रुग्णानं सांगितलेली पावलं खरी होती, ती अटेंडंट पोकळे यांची, सोमवार ते गुरुवार. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बुदवारी न्हवं," मामा म्हणाले. "बुदवारी माझी सुट्टी. कांदा काढत हुतो."

मी पान उलटलं. बुधवारच्या तारखेलाही माझ्या अक्षरात होतं: आजही पावलं ऐकू येतात.

"मामा, तुम्ही बुधवारी आला होता असंच लिहितो."

"खोटं कशापायी? त्यांनाच इचारा की."

मी अंगणात गेलो. मास्तर कृष्णेला वेण्णा जोडत होते. बुधवारचं विचारल्यावर काठी थांबली.

"बुधवारी ते जास्तीचं पाऊल नव्हतं," ते आठवून म्हणाले. "बुधवारी मी थांबलो की ते थांबायचं. अगदी बरोबर. आणि भिंतीपलीकडून नव्हतं, डॉक्टर. माझ्या डाव्या हाताशी होतं. मला वाटलं, चुकून कोणी आत कोंडलं गेलं." मग जरा हसले. "बुधवारी मला बरं वाटलं होतं. काच मी बुधवारीच फोडली होती. पण सोबत असताना तसलं काही करायचं बरं दिसेना. हे मात्र लिहू नका. आपल्याला उगीच इंजेक्शन द्यावं लागेल."

मी परत आलो आणि मामांना सगळं शब्दशः सांगितलं. मामा माझ्यासमोर कधी बसत नसत. त्या दिवशी स्टूल ओढून बसले.

"म्हंजे बुदवारचा दिस त्यानं राखला म्हनायचा," ते म्हणाले. उठताना पुन्हा म्हणाले, "बरं झालं."

मी काय लिहिणार होतो? बुधवार भ्रमात टाकला तर मास्तरांचा वर्ग गेला. मामांच्या नावावर टाकला तर मामा तिथल्या तिथं ते खोडायला लावणार. शेवटी मी लिहिलं: 'रुग्णाने सर्व दिवशी पावले ऐकल्याचे सांगितले. चौकशी केली. पावले खरी होती. भ्रमाची नोंद माझ्या चुकीने झाली.' आणि सही ठोकली. आमच्या वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर्व दिवसांची चौकशी केली?" "केली, सर." शब्द न् शब्द खरा होता. जूनमध्ये आठल्येमास्तर शाळेत रुजू झाले, आणि निवृत्तीपर्यंत नद्या शिकवत राहिले.

पुढं मामा निवृत्त झाले, मीही म्हातारा झालो. मामा गेले त्याच्या आठवडाभर आधी मी धायरीला गेलो होतो. कांद्याच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मामा खाटेवर पडून होते. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. सून चहा ठेवून आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारून टाकलं.

"मामा, खरं सांगा. बुधवारी सातात कोण होतं?"

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,

"चौकशी तुमी केली. सही तुमची हाय. आन् इचारताय मला?"